मन्सूर : हे नाव नक्की कुणाचं?

ओसरी

मंडळी, सध्या बायझंटाईन साम्राज्यातल्या मूर्तिभंजनाच्या वादावर वाचतेय. त्यात एक माणूस सारखा आडवा येतो, दमास्कसचे संत योहान. येशूची आणि संतांची चित्रं देवळात लावणं ही मूर्तिपूजा नव्हे, असं सम्राट तिसऱ्या लिओला ठणकावून सांगणारा. ठणकावता आलं, कारण हा राहायला खलिफाच्या राज्यात. सम्राटाचा हात तिथवर पोचत नव्हता. पुढे जेरुसलेमजवळच्या मार साबा मठात संन्यासी झाला आणि ७४९ च्या सुमारास वारला. एका लिओशी उभा दावा मांडला आणि अकराशेहून जास्त वर्षांनी, १८९० मध्ये, तेरावा लिओ नावाच्या पोपने त्याला चर्चच्या मोजक्या आचार्यांमध्ये बसवलं. ४ डिसेंबरला त्याचा सण असतो.

तर या संताचं घरचं नाव मन्सूर. मन्सूर बिन सर्जून. आजोबासुद्धा मन्सूर.

७५४ साली बायझंटाईन राजधानी कॉन्स्टँटिनोपलजवळ हिएरियाला धर्मसभा भरली. ३३८ बिशप जमले, चित्रांच्या विरोधात ठराव झाला आणि ज्यांना शाप दिले त्यात हा मेलेला माणूसही होता. शाप 'योहान'ला नाही दिला, 'मन्सूर'ला दिला. वाईट नावाचा आणि सारासेन, म्हणजे मुसलमानी, मताचा मन्सूर, असं म्हणून. सम्राट पाचव्या कॉन्स्टंटाईनने त्यावर कडी केली, मन्सूरचं 'मन्झेरोस' केलं. हिब्रूतल्या 'ममझेर'वर कोटी, म्हणजे अनौरस.

माझा प्रश्न असा. आपल्या कानाला मन्सूर हे शंभर टक्के मुसलमानी नाव. पण त्या काळात ते तसं होतं का? की त्या बिशपांनी ते तसं केलं? जाणकारांनी लिहावं, अजाणकारांनीही लिहावं, फक्त धाग्याचं लोणचं घालू नये.

दुपारची_झोप

मसूर माहीत आहे. कराड तालुक्यात. मन्सूर पहिल्यांदाच ऐकलं.

शिळोप्याचा_गडी

पहिल्यांदाच? अहो, मल्लिकार्जुन मन्सूर! धारवाडजवळ मन्सूर नावाचं गाव आहे, आडनाव त्या गावावरून. घर लिंगायत, तालीम मंजी खाँ आणि बुर्जी खाँसाहेबांची. नावावरून धर्म काढायला निघालात तर आमच्या बुवांना कुठल्या रकान्यात टाकणार?

कडवे_वाल

एवढा खल कशाला? उत्तर सरळ आहे. अरब जिंकले, दमास्कसमध्ये राजधानी झाली, ज्यांना सरकारी चाकरी टिकवायची होती त्यांनी जेत्यांसारखी नावं घेतली. जगात सगळीकडे हेच झालंय. यात भाईचारा वगैरे शोधू नका.

पोथीनिष्ठ

@कडवे_वाल, कालक्रम जुळत नाही हो.

आजोबा मन्सूर हा अरब येण्याआधीपासून दमास्कसच्या महसुलाचा कारभार बघत होता, सम्राट हेराक्लिअसच्या अमलात. शहर पडलं ६३५ च्या सुमारास. वेढा पडला तेव्हा अरब सेनापती खालिद बिन वलीदशी बोलणी करून दरवाजे उघडणारा माणूस म्हणजे हाच मन्सूर, असं सईद बिन बत्रीक सांगतो. म्हणजे खलिफाची चाकरी मिळायच्या कितीतरी आधी त्याचं बारसं झालेलं होतं.

आणि हा सईद कोण? अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती धर्मप्रमुख, ९४० मध्ये वारला. ग्रीकमध्ये त्याला युटिकिअस म्हणतात. शहर अरबांच्या हाती दिलं म्हणून त्याने मन्सूरवर यथेच्छ तोंडसुख घेतलंय. म्हणजे सईद नावाचा बिशप मन्सूर नावाच्या अधिकाऱ्याला शिव्या देतोय, त्याही अरबीत, आणि दोघंही ख्रिस्ती. आपल्या वर्तमानपत्रात ही दोन नावं एका ओळीत आली तर वाचणारा काय समजेल?

इस्लामच्या आधी अरबी बोलणारे ख्रिस्ती भरपूर होते. इराकमधल्या हीराचा शेवटचा अरब राजा तिसरा नुमान सहाव्या शतकाच्या अखेरीला ख्रिस्ती झाला. पुढे आठव्या शतकात नुमान बिन साबित नावाचा विद्वान झाला, त्याला आपण इमाम अबू हनीफा म्हणून ओळखतो. भारतातले बहुसंख्य सुन्नी मुसलमान त्याच्या पंथाचे. (आमच्या कोकणातले नाहीत, ते शाफई.) नाव एकच, एक ख्रिस्ती राजा आणि एक इमाम.

दमास्कसच्या दक्षिणेला हर्रान गावी ५६८ सालचा शिलालेख आहे, ग्रीक आणि अरबी अशा दोन्ही लिप्यांत. शराहील नावाच्या सरदाराने संत योहानाच्या नावाने देऊळ बांधलं, असा मजकूर. त्याच्या बापाचं नाव बरेच अभ्यासक 'जालिम' असं वाचतात.

तिखटजाळ

जालिमच्या पोराने चर्च बांधलं! 😄 कोट्याचे जालिमसिंह झाला आठवले. आईबाप नाव ठेवताना नक्की काय विचार करत असतील?

कडवे_वाल

@पोथीनिष्ठ, हर्रानचा सरदार अरब, हीराचा राजा अरब. त्यांची नावं अरबी असणारच. पण दमास्कसचं हे घराणं शहरातलं, ग्रीकमध्ये हिशेब लिहिणारं. सर्जून म्हणजे सर्जिअस. मग मध्येच मन्सूर कुठून आलं? कुणाची तरी मर्जी राखायलाच ना.

पोथीनिष्ठ

आजोबा मन्सूर, मुलगा सर्जून, नातू परत मन्सूर. यात मर्जी कुठे आली? नातवाला आजोबांचं नाव, संपला विषय. आपल्याकडे शाहू महाराजांचं पाळण्यातलं नाव शिवाजीच होतं की.

सीरियातल्या शहरांत एका घरात तीन भाषा नांदत. घरात सुरयानी, बाजारात अरबी, दफ्तरात ग्रीक. आजूबाजूच्या अरब टोळ्या ख्रिस्तीच होत्या, सोयरीकही होत असणार. अशा ठिकाणी एका पिढीला अरबी नाव आणि पुढच्या पिढीला ग्रीक, यात नवल नाही.

खाडीपलीकडचा

शारजात पोटापाण्याला आहे, म्हणून दोन आणे माझेही.

आमच्या ऑफिसात मन्सूर आहे. लेबनॉनचा, ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. दर रमजानला एक ठरलेला प्रकार होतो. नवीन आलेला भारतीय पोरगा याच्या समोर चहाचा कप पटकन टेबलाखाली घेतो आणि 'सॉरी मन्सूरभाई' म्हणतो. मन्सूर काही खुलासा करत नाही, 'अल्ला करीम' म्हणून आपलं काम करत राहतो. गंमत म्हणजे त्याचा स्वतःचा मोठा उपास ईस्टरच्या आधी चाळीस दिवस असतो. मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. डब्यात रोज मुजद्दरा. अख्खा मसूर आणि भात एकत्र शिजवून वर काळसर होईपर्यंत तळलेला कांदा. त्या चाळीस दिवसांत कुणी त्याच्यापुढे शोरमा लपवत नाही.

त्याला एकदा नावांबद्दल खोदून विचारलं होतं. तिकडे नावांचे ढोबळमानाने तीन ढीग आहेत. महम्मद, अहमद, उमर ही मुसलमानांची. बुत्रुस, बूलुस, जिर्जिस, म्हणजे पीटर, पॉल, जॉर्ज, ही ख्रिस्त्यांची. आणि मधला ढीग दोघांचा : मन्सूर, सलीम, खलील, हबीब, नबील, इब्राहिम. गाण्याच्या दर्दींना फैरूझ माहीत असेल. तिच्या गाण्यांमागचे दोन रहबानी भाऊ, त्यातला धाकटा मन्सूर रहबानी (१९२५–२००९). तोही ख्रिस्ती.

काही नावं मात्र दोन्हीकडे आहेत आणि तरी वेगळी आहेत. येशूला मुसलमान ईसा म्हणतात, अरब ख्रिस्ती यसू. बाप्तिस्मा देणारा योहान मुसलमानांकडे याह्या, ख्रिस्त्यांकडे युहन्ना. माणूस तोच, पण ज्याच्या त्याच्या तोंडी ज्याचं त्याचं रूप. मन्सूरला असा फाटा फुटला नाही, म्हणून ते दोघांना चालतं.

दुपारची_झोप

मन्सूरच्या डब्यात मसूर. माझा पहिला प्रतिसाद विषयाला धरूनच होता, हे इथे नम्रपणे नोंदवतो.

कोथिंबीरवडी

@खाडीपलीकडचा, मग मधल्या ढिगातलं नाव असलं की फायदा होतो का? म्हणजे दंगलीत वगैरे? आमच्या एका मैत्रिणीने मुलाचं नाव मुद्दाम कबीर ठेवलंय, 'कुठेही खपेल' म्हणून.

खाडीपलीकडचा

हेच मी मन्सूरला विचारलं होतं. तो म्हणाला, नावाने काय होणार, ओळखपत्रावर पंथ छापलेला असायचा. १९७५ च्या डिसेंबरात बैरुतच्या नाक्यांवर गाड्या थांबवून, ओळखपत्र बघून माणसं मारली गेली. एकट्या ६ डिसेंबरला शेकडो गेले. मग दुसऱ्या बाजूनेही तेच. मन्सूर म्हटल्यावर नाक्यावरचा पोरगा फक्त कार्ड उलटून बघायचा. २००९ पासून तिथल्या नागरिकांना सरकारी नोंदीतला पंथाचा रकाना कोरा ठेवता येतो. किती जण ठेवतात, देव जाणे.

कडवे_वाल

म्हणजे माझंच खरं ठरलं. मधला ढीग वगैरे शांततेच्या काळातल्या गप्पा.

मिरजकर

ओसरीताई, धागा आवडला. जरा घरचं सांगतो.

आम्ही नदाफ. सांगली-कोल्हापूर भागात हे आडनाव पुष्कळ आहे. कापूस पिंजणारे, म्हणजे पिंजारी. उत्तरेत आणि खानदेश-मराठवाड्यातही याच धंद्यातले कित्येक लोक आडनाव मन्सुरी लावतात. ते आलं मन्सूर हल्लाजवरून. 'अनल हक', म्हणजे मीच सत्य, असं म्हणाला म्हणून बगदादला ९२२ साली हालहाल करून ज्याला मारलं, तो सूफी. हल्लाज म्हणजे पिंजारीच. सुळावर गेलेला संत आपल्या धंद्यातला, म्हणून त्याचं नाव घेतलं.

आजोबा खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव फिरायचे. पिंजण म्हणजे माणसाच्या उंचीची लाकडी धनुकली, तिला तात लावलेली. गल्लीत शिरलं की हाळी द्यायची गरज नसे, तात एकदा छेडली की बायका जुन्या गाद्या-उशा घेऊन ओसरीवर हजर. तात कापसात धरायची आणि वर लाकडी मुठळीने ठोका मारायचा. गड्डा झालेला कापूस फुलून वर यायचा, आजोबांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. आता यंत्र आलं आणि फोमच्या गाद्या आल्या. आमच्या घरात ती पिंजण माळ्यावर आहे.

जाता जाता, मल्लिकार्जुन मन्सूर शिकायला आमच्या मिरजेतच होते, नीलकंठबुवांकडे. शिळोप्याचा_गडी हे विसरले, म्हणून आठवण करून दिली.

शिळोप्याचा_गडी

विसरलो नाही, मिरजकर येतीलच म्हणून जागा ठेवली होती. 🙏

ओसरी

मिरजकर, सुरेख. एक शंका. हल्लाजचं स्वतःचं नाव मन्सूर होतं का? मी हुसेन वाचलंय.

पोथीनिष्ठ

बरोबर वाचलंत. हुसेन बिन मन्सूर अल-हल्लाज. हुसेन तो स्वतः, मन्सूर त्याचा बाप, हल्लाज हा धंदा. मराठी रिवाजाने लिहायचं तर 'हुसेन मन्सूर पिंजारी'. फारसी आणि उर्दू शायरांनी मधलंच नाव उचललं आणि त्याला मन्सूर करून टाकलं. सुळावर चढला मुलगा, अजरामर झाला बाप. हल्लाजचा आजोबा अग्निपूजक पारशी होता असं सांगतात. तसं असेल तर धर्म बदललेल्या पहिल्या पिढीत ठेवलं गेलेलं नाव मन्सूर. हा हल्लाज गुजरात आणि सिंधपर्यंत फिरून गेला होता.

तिखटजाळ

'बापाचं नाव काढलं' ते हे.

जुनं_दफ्तर

संताच्या वडिलांबद्दल, सर्जूनबद्दल, कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. माझा आवडता किस्सा आहे.

दमास्कसची खिलाफत मुआवियाची, मग यझीदची, मग अब्दुल मलिकची. राज्य मुसलमानांचं, पण महसुलाचं दफ्तर अजून ग्रीकमध्ये आणि त्याच्यावर सर्जून बिन मन्सूर, ख्रिस्ती. खलिफे बदलले, सर्जून तिथेच. कुठल्याही सचिवालयात असा एक माणूस असतोच.

हिजरी ८१, म्हणजे इसवी ७०० मध्ये अब्दुल मलिकने दफ्तर अरबीत करायचा हुकूम दिला. कारण नवव्या शतकातल्या बलाझुरी या इतिहासकाराने दिलंय : एका ग्रीक कारकुनाला लिहायचं होतं, दौतीत पाणी घालायला पाणी सापडेना, म्हणून त्याने दौतीतच लघुशंका केली. हे खलिफाच्या कानावर गेलं. त्याने सुलेमान बिन साद नावाच्या माणसाला दफ्तर फिरवायला सांगितलं. सुलेमानने मोबदला म्हणून जॉर्डन प्रांताचा वर्षाचा वसूल मागितला आणि वर्षाच्या आत काम उरकलं. खलिफाने सर्जूनला बोलावून नव्या वह्या दाखवल्या. सर्जून उतरल्या तोंडाने बाहेर आला. दाराशी ग्रीक कारकून उभे होते. त्यांना म्हणाला, बाबांनो, आता दुसरा धंदा शोधा, देवाने या धंद्यातलं तुमचं अन्न तोडलं.

मला वाटतं, योहान मठात गेला त्यामागे भक्ती असेलच, पण घराण्याची ही नोकरी संपत आली होती हेही असणार. आपल्याकडे शिवाजी महाराजांनी फारसी शब्द काढायला राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तेव्हा फारसीवर पोट असलेल्या मुनशींना काय वाटलं असेल, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. इथे एका माणसाची निदान एक ओळ राहिली.

कडवे_वाल

दौतीचा किस्सा मस्त. पण तो जेत्यांनी सांगितलेला आहे हे विसरू नका. 'बघा, हे ग्रीक किती गलिच्छ, म्हणून दफ्तर बदललं.' भाषा बदलायला राज्यकर्त्यांना लघुशंकेचं निमित्त लागत नाही.

जुनं_दफ्तर

इथे मात्र तुमच्याशी सहमत. तारीख लिहून ठेवतो.

कोथिंबीरवडी

अवांतर होईल, पण नावं इकडून तिकडे जाणं आपल्यालाही नवीन नाही. मालोजीराजांना मूल होत नव्हतं, नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलगे झाले म्हणून शहाजी आणि शरीफजी अशी नावं ठेवली. शिवाजी महाराजांच्या सख्ख्या काकांचं नाव शरीफजी!

कडवे_वाल

ही बखरीतली गोष्ट आहे. समकालीन पुरावा नाही.

कोथिंबीरवडी

नवसाला समकालीन पुरावा कोण ठेवतं हो? नावं तर समकालीन आहेत ना? आणि दौलतराव, हैबतराव, सुलतानजी, साहेबराव ही काय वेदातली आहेत? आमच्याच गावात तीन साहेबराव आहेत, तिघेही वारकरी.

माळ्यावरचा_उंदीर

मन्सूर म्हटल्यावर मला जहांगीरचा चित्रकार उस्ताद मन्सूर आठवतो. १६१२ मध्ये मुकर्रब खान गोव्याहून, म्हणजे पोर्तुगीजांकडून, जहांगीरसाठी चित्रविचित्र प्राणी-पक्षी घेऊन गेला. त्यात एक टर्की होता. अमेरिकेतला पक्षी, गोव्याच्या बंदरात उतरून आग्र्याला पोचला. बादशहाला इतका भावला की त्याने आत्मचरित्रात त्याचं वर्णन केलं : मादीला बघून मोरासारखा पिसारा फुलवतो, चोचीखालचा लोळा घडीत लाल होतो, घडीत पांढरा, घडीत फिरोजी. मन्सूरने काढलेलं टर्कीचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्या मानेवरचे खडबडीत मणी बघा, एकेक मोजता येतो. नामशेष झालेल्या डोडोचं रंगीत चित्रही त्याचंच मानतात, ते सेंट पीटर्सबर्गला आहे.

धर्माशी याचा संबंध नाही, माहीत आहे. पण मन्सूर नावाचा धागा आणि उस्ताद मन्सूर नाही, हे मला बघवेना.

रेल्वेचा_पास

स्पेन राहिलं. कॉर्दोबाचा मन्सूर, स्पॅनिशमध्ये अल्मान्झोर. ९९७ मध्ये त्याने सान्तियागोचं देवस्थान लुटलं, घंटा कॉर्दोबाला नेल्या. ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यावरून नेल्या असं सांगतात. १२३६ मध्ये कॉर्दोबा पडलं तेव्हा तिसऱ्या फर्नांडोने त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यावरून परत पाठवल्या, असंही सांगतात. ज्याच्या नावाने ख्रिस्ती स्पेन थरथरत होतं, त्याच्याच नावाचं माद्रिदच्या पश्चिमेला शिखर आहे, पिको अल्मान्झोर, अडीच हजार मीटरच्या वर. माथ्यावर क्रूस रोवलाय.

पोथीनिष्ठ

इथे एक भेद करायला हवा, नाहीतर खिचडी होईल. कॉर्दोबावाल्याचं नाव महम्मद. 'अल-मन्सूर' ही त्याची पदवी, ९८१ मध्ये घेतलेली. बगदाद वसवणारा खलिफा अल-मन्सूर, त्याचंही नाव अब्दुल्ला, मन्सूर ही गादीवरची पदवी. मन्सूर म्हणजे ज्याला देवाने साहाय्य केलं, विजयी केलं. पदवी म्हणून राजांना हवीहवीशी, आणि नुसतं नाव म्हणून कुणालाही चालणारी. दमास्कसच्या घराण्यात होतं ते नुसतं नाव.

बगदादच्या या मन्सूरचा दरबार मोठा मजेदार. ७६५ मध्ये पोट बिघडलं म्हणून इराणातल्या गुंदेशापूरहून वैद्य बोलावला, जुर्जिस, ख्रिस्ती. गुण आला. खलिफाने खूश होऊन दासी पाठवल्या, जुर्जिसने परत केल्या, म्हणाला आमच्यात एकच बायको. त्याच दरबारात ७७० च्या दशकात सिंधकडून गेलेल्या मंडळींबरोबर ब्रह्मगुप्ताचं गणित-ज्योतिष पोचलं. आणि वर उल्लेख आलेला नुमान, म्हणजे अबू हनीफा, काझी व्हायला नाही म्हणाला म्हणून याच मन्सूरने त्याला कैदेत टाकलं, असं परंपरा सांगते. ७६७ मध्ये तो बगदादलाच गेला.

जुनं_दफ्तर

थांबा थांबा. पोथीनिष्ठ, हा अब्दुल्ला 'अल-मन्सूर' होऊन गादीवर कधी बसला?

पोथीनिष्ठ

७५४. जून महिना.

जुनं_दफ्तर

आणि हिएरियाची धर्मसभा?

ओसरी

७५४!! फेब्रुवारी ते ऑगस्ट. अगं बाई.

जुनं_दफ्तर

म्हणजे इकडे बिशप मंडळी 'मन्सूर' नावाला शाप द्यायला बसली आणि तिकडे तेच नाव घेऊन नवा खलिफा गादीवर आला, त्याच सहा महिन्यांत. शापामागे तेच कारण होतं असं मी म्हणत नाही, योगायोग असेल. पण त्यानंतर कॉन्स्टँटिनोपलमध्ये 'मन्सूर' ऐकून कुणाला दमास्कसचा संन्यासी आठवणार? पुढची एकवीस वर्षं सीमेपलीकडचा शत्रू त्या नावाचा होता. ओसरीताईंचा प्रश्न होता की नाव तेव्हा मुसलमानी होतं का. मला वाटतं, दमास्कसमध्ये नव्हतं, कॉन्स्टँटिनोपलमध्ये झालं.

कडवे_वाल

हे पटण्यासारखं आहे. पण मग संताच्या बाजूच्यांनी तरी ते नाव मिरवलं का? की त्यांनीही गुपचूप योहान करून टाकलं?

ओसरी

नेमका प्रश्न. ७८७ मध्ये निकिआला दुसरी धर्मसभा झाली, हिएरियाचा ठराव रद्द झाला. हिएरियावाल्यांनी नाव घेऊन शाप दिले होते तिघांना, आणि म्हणाले होते, पवित्र त्रैक्याने या तिघांना खाली खेचलं. निकिआने उत्तर दिलं, पवित्र त्रैक्याने या तिघांना गौरवलं. त्या तिघांत आपला योहान. पण तिथेही भाषा अशी आहे की, 'योहान, ज्याला ते लोक हिणवून मन्सूर म्हणतात'. म्हणजे आजोबांचं चांगलं नाव, पण पाठीराख्यांनीही ती शिवीच मानली. 'आमच्यात असंही नाव असतं' असं कुणी म्हणालं नाही. अरबी बोलणारे ख्रिस्ती मात्र पोरांना मन्सूर म्हणतच राहिले, खाडीपलीकडच्यांच्या ऑफिसापर्यंत. त्यांना कॉन्स्टँटिनोपलचं काय पडलंय!

निकिआवाल्यांनी त्याची तुलना केलीय मत्तयाशी. मत्तय जकात गोळा करायचा, ते सोडून येशूमागे गेला. तसा हाही महसुलाची नोकरी सोडून मठात गेला.

कडवे_वाल

म्हणजे मत्तय जकातीवाला आणि योहान वसुलीवाल्याचा पोरगा, दोघंही संत. आमच्या जीएसटी ऑफिसात अजून कुणाची लक्षणं दिसत नाहीत.

दुपारची_झोप

मी जीएसटीतच आहे. आयडी बघा, ध्यानधारणा चालू आहे.